बंद डोंगर

करंजपाडा, ता. मुरबाड
१२ मे १९९६

चि. सौ. हौसास ताईचे आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन महिना झाला. उत्तर लिहायला बसले की पाण्याला जायची वेळ व्हायची. आपला डोंगराखालचा झरा यंदा होळीलाच आटला. आपण लहान होतो तेव्हा तो मे संपेपर्यंत वाहायचा. आता आम्ही बाया नदीच्या डोहावर जातो. खडकातून उतरायचं आणि डोक्यावर हंडा घेऊन परत चढायचं. चैत्रात बाईजाकाकू हंड्यासकट घसरली. मांडीचं हाड मोडलं. अजून खाटेवर आहे.

त्यानंतर ग्रामसभेला बाया पहिल्यांदा पुढे बसल्या. फॉरेस्टचा गार्ड आला होता. तो म्हणाला, "डोंगरावर झाड राहिलं नाही, तर पाणी थांबणार कुठं? सरकारची नवीन योजना आहे. डोंगर सरकारचा, पण राखायचा गावानं, आणि त्यातून जे निघेल त्यात वाटाही गावाचा." पुरुष नुसते ऐकत होते. मी उभी राहिले आणि म्हटलं, "पाणी आम्ही वाहतो. राखणार पण आम्ही."

झालं. वन संरक्षण समिती निघाली आणि अध्यक्ष मलाच केलं. तुझी ताई अध्यक्ष! सातवी शिकलेली, नवऱ्याच्या शेतावर राबणारी.

नियम असे ठरले. पाच वर्षं डोंगर बंद. कुऱ्हाड चालवायची नाही, गुरं सोडायची नाहीत, ओलं नाही आणि वाळलेलंही नाही. रोज चार बायांनी पाळीने राखण करायची. फक्त राब भाजायला ऐनाचे टहाळ तेवढे तोडू द्यायचे. भाताचं रोप करायचं तर आधी जमिनीवर पालापाचोळा, टहाळ जाळावेच लागतात, तुला ठाऊकच आहे. शेती थांबवून कसं चालेल?

मला भीती वाटते. पण बाईजाकाकूकडे पाहिलं की जाते. अनिलरावांना नमस्कार, अक्षदाला गोड पापा.

तुझी ताई,
सरस्वती


वाशिंद
३ जून १९९६

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

पत्र वाचून मी ह्यांना मोठ्यांदा वाचून दाखवलं. हे म्हणाले, तुझ्या बहिणीला आता सलाम ठोकायला पाहिजे. इथे नळाला सकाळी अर्धा तास पाणी येतं तरी चाळीत भांडणं होतात, मग तुमचं काय होत असेल ते समजतं.

ताई, एक विचारते. आपली ठाकूरवाडीतली लहानी काय म्हणते? तिथली सगळीच घरं मोळीवर जगतात. ती तर रोज पहाटे मोळी घेऊन मुरबाडला हॉटेलांत विकायला जाते. डोंगर पाच वर्षं बंद म्हणजे तिनं काय करायचं? ह्या नियमाच्या सभेला वाडीवरचं कोणी होतं का? तू लिहिलं नाहीस म्हणून विचारलं. मला अजून आठवतं, तू सासरी गेलीस, म्हणजे गावातल्या गावातच चार घरं पलीकडे, तेव्हा मी रडत होते आणि लहानीनं मला करवंदांनी ओचा भरून दिला होता.

रागावू नकोस. तू करतेस ते चांगलंच आहे.

तुझी,
हौसा


करंजपाडा
८ डिसेंबर १९९६

चि. सौ. हौसास आशीर्वाद.

पावसाळ्यात सवडच झाली नाही. आवणी, मग बेणणी, मग कापणी. पण सांगण्यासारखं पुष्कळ आहे. ज्या खोडांना आम्ही मेली समजत होतो, त्यांना धुमारे फुटलेत. ऐन गुडघाभर झालाय, धावडा त्याहून वर. खालच्या अंगाला गवत कंबरेएवढं होतं. मी सकाळच्या पाळीला वर गेले आणि उगीचच दगडावर बसून राहिले. पक्ष्यांचा आवाज आपल्या डोंगरावर मी कितीतरी वर्षांनी ऐकला.

गार्ड म्हणाला, तालुक्यात आपल्यासारखी राखण कोणाचीच नाही.

तू वाडीचं विचारलं होतंस. सभेची दवंडी दिली होती, ती माणसं आली नाहीत. यंदा दिवाळी झाल्यावर सात-आठ घरं वीटभट्टीवर गेली. लहानी आणि तिचा नवरा धाऊपण गेले. भट्टीवर दरसाल कोणी ना कोणी जातंच. पावसाआधी परत येतील.

बाईजाकाकू आता काठी घेऊन ओटीपर्यंत येते.

तुझी ताई,
सरस्वती


वाशिंद
२० फेब्रुवारी १९९७

ती. ताईस नमस्कार.

हे पत्र दोनदा लिहून फाडलं. आता लिहितेच.

परवा नदीकडच्या बाजूला एका ओळखीच्या घरी हळदीकुंकवाला गेले होते. परतताना वीटभट्टीशेजारून आले. एक बाई डोक्यावर कच्च्या विटा घेऊन चालली होती. चालण्यावरून ओळखलं. मी हाक मारली, "लहाने!" ती थांबली, विटा उतरवल्या, मला पाहिलं आणि पहिलं वाक्य काय बोलली ठाऊक आहे? "तुजे बहिणीनं धाडली का मला बघायला?"

मला काही कळेना. मग तिनं सांगितलं. ती वाळलेलीच लाकडं तोडत होती. तू आणि तिघीजणी आलात. तू तिच्या हातातला कोयता हिसकावलास आणि गार्डकडे जमा केलास. चार माणसांत तिला चोर म्हणालीस. दुसऱ्या दिवशी तिच्या घरात चूल पेटली नाही. ती म्हणाली, "तुमचे राबाला ओले टहाळ चालतात. चांगले जिवंत ऐन ओरबाडून नेतात. आमची वाळलेली मोळी तेवढी चोरी. सांग गो तुजे बहिणीला, आमी दरसाल भट्टीवर जाणारी माणसं नव्हतो. आमी पयल्यांदा आलो."

ताई, हे खरं आहे का? तू मला लिहिलंस, "दरसाल कोणी ना कोणी जातंच."

पाल्याची झोपडी आहे त्यांची. उभं राहता येत नाही आत. धाऊ बाहेर बसला होता, खोकत होता. मला म्हणाला, भट्टीचा धूर आहे, दुसरं काय नाय. बारीक झालाय.

तू काय ते स्पष्ट लिही.

हौसा


करंजपाडा
१८ मार्च १९९७

हौसा,

खरं आहे. ती म्हणाली तसंच झालं.

तुला लिहिताना मी खोटं काही लिहिलं नाही, पण खरं झाकलं. ते खोट्यापेक्षा वाईट. तुझं पत्र पदराला बांधून आठ दिवस हिंडले.

त्या दिवशी माझी पाळी होती. सप्टेंबर होता. लहानीला बघितलं तेव्हा मला पाठीमागच्या तिघी दिसत होत्या. मी हिला सोडलं तर उद्या ह्यांच्यातली कोण मला मानेल, हेच डोक्यात. मी म्हटलं, "कोयता दे." ती म्हणाली, "सरसे, वाळलेलं हाय, बघ तरी." तिनं लाकूड माझ्यापुढे धरलं. मी बघितलं नाही. कोयता ओढला आणि म्हटलं, "चोर ती चोरच." ती माझ्याकडे बघत राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

दवंडीचंही सांगते. दवंडी गावात फिरली. वाडीवर गेलीच नाही. कोणी मुद्दाम टाळलं असं नाही. वाडीला विचारायचं असतं हे कोणाच्या मनातच आलं नाही. माझ्याही नाही. राबाची सूट ठेवली, कारण सभेत बसलेले सगळे शेतवाले होतो. आपली अडचण आपल्याला दिसली. त्यांची दिसायला त्यांच्यातलं कोणीच समोर नव्हतं.

पण हौसा, तू पण एक समजून घे. डोंगर बंद झाला नसता तर दहा वर्षांत ना आमचा राब राहिला असता ना तिची मोळी. एवढं माझं खरं आहे. बाकी माझं चुकलं.

शिमग्यानंतर सभा आहे. मी हा विषय काढणार आहे. वाळलेलं लाकूड वाडीला मोकळं करायचं. तू लहानीला सांग, मी असं म्हणते आहे. ती विश्वास ठेवणार नाही, तरी सांग. आणि धाऊला डॉक्टरकडे घेऊन जा. तू लिहिलंस तो खोकला मला बरा वाटत नाही. एवढं माझं काम कर.

सरस्वती


वाशिंद
५ एप्रिल १९९७

ताई,

हे पत्र पोचेपर्यंत तुला कळलेलं असेल. धाऊ गेला. एक तारखेला सकाळी.

मी काल भट्टीवर गेले तेव्हा झोपडी रिकामी होती. शेजारच्या बाईनं सांगितलं. तीन दिवस ताप होता, तरी दोन दिवस तो कामावर उभा राहिला. तिसऱ्या दिवशी उठलाच नाही. लहानी म्हणाली, गावाला न्यायचं. भट्टीचाच टेम्पो मिळाला.

ताई, तुझं पत्र मला बावीस मार्चला मिळालं होतं. भट्टी माझ्या घरापासून चालत वीस मिनिटं. मी गेले नाही. अक्षदाची परीक्षा होती, ह्यांची सेकंड शिफ्ट होती, पापड घातले होते. ही सगळी कारणं खरी आहेत आणि एकही खरं नाही. खरं कारण असं की भट्टीवरच्या माणसाला रिक्षात घालून मी स्टेशनजवळच्या दवाखान्यात नेलं तर चाळीतल्या बाया काय म्हणतील, कोण लागतो हा तुमचा, असं विचारतील, ह्याची मला लाज वाटली. उद्या जाऊ, उद्या जाऊ करत तेरा दिवस घालवले.

तुला मी किती ताठ्यानं विचारलं होतं, खरं आहे का म्हणून.

हौसा


करंजपाडा
२० एप्रिल १९९७

हौसा,

तू लिहिलंस ते मी कोणाला वाचून दाखवलेलं नाही. तुला दोष द्यायचा मला हक्क नाही आणि सोडवायचाही नाही. त्या दिवशी इथे काय झालं तेवढं सांगते.

टेम्पो शहापूर, किन्हवली, सरळगाव करत दुपारी दोनच्या सुमाराला आला. उन्हात गाव सुन्न होतं. वाडीवरची सात-आठ घरं दिवाळीपासून बंद, उरलेल्या कोणाच्या पडवीत सरणाला लाकडाचा तुकडा नाही. आपल्या गावातली माणसं गोळा झाली. वाईट सगळ्यांनाच वाटत होतं. जो तो म्हणाला, माझ्या घरचं घ्या, माझ्या घरचं घ्या. पोरं लाकडं आणायला पळालीसुद्धा.

लहानी टेम्पोजवळ बसली होती. ती म्हणाली, "कोनाचे घरचं नको. त्याचे डोंगराचं पायजे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. गार्ड तिथेच होता. मी म्हटलं, "साहेब?" तो म्हणाला, "मला मुरबाडला काम आहे," आणि सायकलवर बसून गेला. भला माणूस. तो थांबला असता तर त्याला नाही म्हणावं लागलं असतं.

मी कुऱ्हाड घेतली आणि वर गेले. माझ्यामागे राखणीतली सकुबाई आली, मग आणखी बाया. पुरुष खाली थांबले. वरच्या घळीत एक ऐन वठून उभा होता, दोन वर्षांचा वाळलेला. राखणीला जाताना रोज दिसायचा. नियमाप्रमाणे त्याला हात लावायचा नव्हता, म्हणून उभ्या उभ्या वाळवी खात होती. त्याला पहिला घाव मी घातला. कुऱ्हाड दोनदा निसटली. सकुबाई म्हणाली, "दे, मी घालते." मी दिली नाही. तो पडेपर्यंत मीच घातले.

डोंगर बंद झाल्यावर आम्ही तोडलेलं पहिलं झाड ते. वाळलेलं. तिनं माझ्यापुढे धरलं होतं तसंच.

आम्ही बायांनीच ते डोक्यावरून खाली आणलं. लहानीनं प्रत्येक ओंडका हात लावून बघितला आणि मग रचायला दिला.

पाचव्या दिवशी सभा घेतली. ह्या वेळी मी स्वतः वाडीवर जाऊन प्रत्येक दारात सांगून आले. सभेत म्हटलं, नियम मी मोडलाय, अध्यक्षपद सोडते. पुष्कळांनी नको नको केलं. पण वाडीवरचा एक म्हातारा उठून म्हणाला, "सोडते तर सोडू द्या." त्यानं म्हटलं ते बरं केलं. आता सकुबाई अध्यक्ष आहे.

नियम बदलले. वाळलेलं आणि पडलेलं लाकूड पहिलं वाडीचं, त्यांनी ठरवलेल्या दिवशी. राबासाठी डोंगरावरचे टहाळ बंद, आपापल्या बांधावरच्या झाडाचे तोडायचे. ह्या एका गोष्टीवर दोन तास भांडण झालं. तुझे भावोजी स्वतः विरोधात बोलले आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. समितीवर वाडीची चार माणसं. लहानीला म्हटलं, तू ये. ती म्हणाली, "नाय."

तू येऊन जा. तिला भेट. काय बोलायचं ते मला विचारू नकोस.

ताई


वाशिंद
१४ जानेवारी २००३

ती. ताईस नमस्कार.

आता घरी फोन आहे, तुमच्या गावातही पीसीओ झालाय, तरी तुला पत्रच लिहावंसं वाटतं. फोनवर तू "बरं हाय, बरं हाय" म्हणतेस आणि ठेवून देतेस.

दिवाळीत आले तेव्हा लहानीकडे गेले होते, तुला सांगितलं नव्हतं. दरवर्षी जाते. पहिली दोन वर्षं ती मला बस म्हणाली नाही. मी उभीच राहायचे आणि परत यायचे. तिसऱ्या वर्षी तिनं घोंगडी टाकली. ह्या वेळी मी तिला ते तेरा दिवस सांगितले. सहा वर्षं जिभेवर होते. ती तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली. मग म्हणाली, "मी वाट बघत होते तुजी. त्याला बोललेली, हौसा येल." एवढंच. मी निघाले तेव्हा तिनं आवळे दिले. घेऊ की नको कळेना. घेतले.

पेपरात वाचलं, तुमच्या समितीला बघायला ठाण्याहून कोणी येणार आहेत. काय झालं ते कळव.

हौसा


करंजपाडा
२ फेब्रुवारी २००३

चि. सौ. हौसास आशीर्वाद.

तू तिला सांगितलंस हे वाचून मी बराच वेळ पत्र मांडीवर घेऊन बसले. मला अजून तसं बोलता आलेलं नाही. लहानी दुसऱ्या वर्षी समितीवर आली, हे तुला माहीत आहे. मोळ्यांचे दिवस तीच ठरवते, आवळा-हिरडा कधी उतरवायचा ते तीच सांगते, आणि तिचं ऐकल्याशिवाय सकुबाई कागदावर सही करत नाही. सगळ्यांशी बोलते. माझ्याशी कामापुरतं. माझ्या ओटीवर ती गेल्या सहा वर्षांत चढलेली नाही. मी त्याची वाट बघणं सोडलंय. ते तिचं आहे.

आता साहेबांचं. परवा आले, चौघेजण. डोंगर हिंडले. साग, ऐन, कळंब, सगळं दाखवलं. झरा आता एप्रिलच्या शेवटापर्यंत टिकतो, ते ऐकून खूश झाले. मग शाळेत बसून फॉर्म भरायला लागले. शेवटी एका बाईसाहेबांनी विचारलं, "ह्या जंगलासाठी गावानं काय त्याग केला, ते सांगा."

आपली माणसं हुरूपानं सांगायला लागली. कोणी म्हणालं, सात वर्षं राखण केली. कोणी म्हणालं, बकऱ्या विकल्या. दगडी बांध घातले, वणवा विझवताना हात भाजले. बाई लिहीत होत्या.

लहानी मागे भिंतीशी होती. ती म्हणाली, "माजा नवरा."

बाईंना वाटलं, तिचा नवरा काही बोलणार आहे. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. "कुठे आहेत ते?"

हौसा, मी उठले. मी सगळं सांगितलं. दवंडीचं, राबाचं, वाळलेल्या लाकडाचं, भट्टीचं. चोर म्हणाले तेही सांगितलं. लहानीकडे बघायचं धाडस झालं नाही, फळ्याकडे बघून बोलले.

बाईसाहेब पेन खाली ठेवून ऐकत होत्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "पण ह्याला फॉर्मात रकाना नाही हो."

तेव्हा सकुबाईनं समितीची ठरावाची वही माझ्यापुढे सरकवली. मी लिहिलं, "धाऊ, राहणार ठाकूरवाडी. डोंगर बंद करताना वाडीला विचारलं नाही. मोळी बंद झाली म्हणून तो भट्टीवर गेला. तिथं १ एप्रिल १९९७ रोजी वारला."

लहानी उठून पुढे आली. "वाच," म्हणाली.

मी वाचलं.

तिनं जरा विचार केला. "इथून गेला तवा धडधाकट होता. ते पन लिव."

मी लिहिलं. तिनं अंगठा उठवला. साहेबमंडळी, गावातले पुरुष, आमच्या बाया, सगळे उभे होते. सकुबाई म्हणाली, "खाली सही कोनाची घ्यायची? अध्यक्ष म्हणून माजी का?"

मी म्हटलं, नको. वही ओढून घेतली, सही केली, आणि सहीखाली लिहिलं: तेव्हाची अध्यक्ष.

तुझी ताई,
सरस्वती